कागद खरा की बनावट? शाई, शिक्का आणि प्रयोगशाळेबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॉटची रजिस्ट्री, आखीव पत्रिका, सुधार प्रन्यासचं आरएल पत्र (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), शाळेचा दाखला, आजोबांच्या नावाची जातीची नोंद, हातउसन्या पैशांचा चेक. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात ज्या कागदांवरून वर्षानुवर्षं तारखा पडतात, त्यातले बरेचसे यातलेच असतात. कागद एकदा ‘लॅब’ला गेला की सोक्षमोक्ष लागणार, अशी पक्षकारांची समजूत असते. कधी तो लागतो, पण लोकांना वाटतं त्या रस्त्यानं क्वचितच.

रासायनिक तपासणीतून नेमकं काय कळतं?

दस्तऐवजात तपासण्यासारख्या वस्तू मोजक्याच असतात: कागद, त्यावरची शाई किंवा टोनर, शिक्क्याचा रंग आणि फार तर डिंक-धागा. यातला प्रत्येक घटक कधीतरी पहिल्यांदा बाजारात आला. दस्तऐवजावरच्या तारखेला जो पदार्थ जन्मालाच आला नव्हता तो त्यात सापडला, तर तो कागद त्या तारखेचा नाही. दुसरा उपयोग तुलनेचा. एकाच पानावरच्या दोन ओळी एका शाईच्या आहेत की वेगवेगळ्या, हे सांगता येतं.

उलट बाजू लोक ऐकून घेत नाहीत. रसायनशास्त्र कागद खोटा पाडू शकतं, खरा ठरवू शकत नाही. जुन्या वहीतलं कोरं पान आणि जुन्या प्रकारची शाई वापरून कुणी काल बनावट कागद केला असेल, तर तपासणीत काहीच विसंगत न आढळण्याची शक्यता राहते. म्हणून नीट तज्ज्ञ ‘दस्तऐवज अस्सल आहे’ असं लिहून देत नाही. ‘दाखवलेल्या काळाशी विसंगत घटक आढळला नाही’ इतकंच लिहितो.

म्हणजे संशय आला की आधी प्रयोगशाळा गाठायची का?

नाही. आधी मूळ नोंद गाठा. सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा ऑनलाइन काढता येतो, आखीव पत्रिकेची नक्कल नगर भूमापन कार्यालयातून मिळते, खरेदीखताची सूची दोन (व्यवहाराचा गोषवारा) नोंदणी विभागाकडे असते आणि आरएल पत्राचा जावक क्रमांक सुधार प्रन्यासच्या कार्यालयात पडताळता येतो. अलीकडच्या अनेक गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आहेत. शंभरातले किती कागद इथेच गळतात याचा आकडा माझ्याकडे नाही, पण प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची वेळ येते ती मुख्यतः दोन प्रसंगी: मूळ नोंदच हरवलेली असते किंवा मूळ नोंदीतच कुणीतरी हात घातलेला असतो.

रसायनांशिवाय जुना कागद पकडता येतो का?

पुष्कळदा येतो, आणि नागपूरच्या बाबतीत तर जरा जास्तच. हे शहर आधी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. नंतर १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना होईपर्यंत मध्य प्रदेशची. मग साडेतीन वर्षं द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १९५३ च्या दाखल्यावर ‘महाराष्ट्र शासन’ असा गोल शिक्का दिसला, तर सूक्ष्मदर्शक काढायची गरजच नाही. तशीच काही टोकं हाताशी ठेवावीत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, त्यामुळे त्याआधीच्या पावतीत रक्कम रुपये-आणे-पै अशी हवी. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोज २००० बरोबर आला, तेव्हा १९९४ च्या तारखेचं पत्र मंगलमध्ये छापलेलं असेल तर ते १९९४ चं नाही. बनावट करणारा शाईची काळजी घेतो, पत्त्यातला पिनकोड मात्र सवयीनं टाइप करून जातो.

शाईच्या प्रकारावरून काळ कसा ओळखतात?

टाक-दौतीच्या काळातली निळी-काळी शाई म्हणजे हिराकस आणि टॅनिन-गॅलिक आम्ल यांचं मिश्रण. कागदावर उतरल्यावर हवेनं त्यातलं लोह ऑक्सिडीकृत होतं आणि अक्षर काळं पडत जातं. या शाईत लोह सापडतं, ते सूक्ष्म रासायनिक चाचणीनं दाखवता येतं. बॉलपेन अमेरिकेत बाजारात आलं १९४५ मध्ये, आपल्याकडच्या सरकारी दप्तरात त्याला रुळायला आणखी वेळ लागला. बॉलपेनच्या निळ्या शाईत कॉपर थॅलोसायनिन हा रंग १९५० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आला. जेल शाई जपानमध्ये १९८४ ची, आणि आपल्या हातात ती आली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस.

तेव्हा १९४७ च्या नोंदीत बॉलपेनची रेघ दिसली तर संशय पक्का. भिंगाखाली बॉलपेनची रेघ लपत नाही. गोळी फिरते तिथे बारीक समांतर ओरखडे दिसतात, वळणानंतर शाईचा छोटा गोळा साचतो. टाकाच्या रेघेत दोन कडा दाट आणि मधला भाग फिकट असतो.

जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये एखादा शब्द नंतर घुसवला असेल तर कळतं का?

हा प्रश्न विदर्भात सर्वाधिक विचारला जातो, आणि त्यामागचं कारण कायद्यात आहे. जात पडताळणीत मानीव दिनांकाआधीच्या (त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीच्या) नोंदींना मोठं वजन असतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या दाखल-खारीज रजिस्टरमधला, कोतवाल बुकातला (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला) एक रकाना आज नातवाच्या प्रवेशाइतका महाग झाला आहे. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहतं ते यासाठीच.

इथे तपासणाऱ्याचं नशीब बरं असतं. सुट्या दाखल्याला तुलना करायला काही नसतं, रजिस्टरमध्ये मात्र वरखाली शेकडो नोंदी असतात. एकाच कारकुनानं, एकाच दौतीतून, त्याच आठवड्यात लिहिलेल्या. संशयित शब्दाची शाई शेजारच्या नोंदींशी जुळते का, हा एकच प्रश्न विचारायचा. पहिली पायरी कागदाला स्पर्श न करणारी. व्हिडिओ स्पेक्ट्रल कंपॅरेटर नावाच्या यंत्रात वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात पान पाहतात. डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन शायांपैकी एक अवरक्त प्रकाशात पार नाहीशी होते आणि दुसरी तशीच राहते. सगळ्या नोंदी विरून गेल्या आणि जातीच्या रकान्यातला एक शब्द तेवढा उभा राहिला, तर पुढचं फारसं समजावून सांगावं लागत नाही.

खाडाखोड करून आधीचा शब्द पुसला असेल तरी माग राहतो. लोहयुक्त शाई ब्लीच किंवा ऑक्झॅलिक आम्लानं फिकी पडली तरी तिचा अंश धाग्यांत उरलेला असतो, आणि अतिनील प्रकाशात तिथे कागद चमकत नाही, जुनी अक्षरं गडद दिसतात. खरवडलेल्या जागी कागद पातळ होतो आणि त्यावर नव्यानं लिहिलेली शाई फुटते.

दृश्य तपासणीत वेगळेपण दिसलं नाही तर थिन लेयर क्रोमॅटोग्राफी करतात. रेघेतून सुईच्या टोकाएवढा नमुना काढून द्रावकात विरघळवतात आणि सिलिकाच्या पट्टीवर त्यातले रंग वेगळे होऊ देतात. पट्ट्यांची रचना वेगळी आली तर शाई वेगळी. सारखी आली तर ‘फरक आढळला नाही’, कारण त्या कंपनीच्या हजारो पेनांत तीच शाई असते. वकील मंडळी या दुसऱ्या वाक्याचा ‘तेच पेन’ असा अर्थ काढतात, तो चूक.

ही सही किती वर्षांपूर्वीची आहे, हे शाईवरून सांगता येतं का?

सर्वांना हवं असलेलं उत्तर इथेच मिळत नाही.

बॉलपेनच्या शाईत २-फिनॉक्सीइथेनॉलसारखे मंद उडणारे द्रावक असतात. लिहिल्यापासून पहिल्या काही महिन्यांत ते झपाट्यानं कमी होतात, साधारण दोन वर्षांनंतर आलेख जवळजवळ सपाट होतो. गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीनं त्यांचं प्रमाण मोजता येतं. म्हणजे ‘ही सही दहा वर्षांपूर्वीची’ असा दावा असताना द्रावक भरपूर सापडला, तर दावा अडचणीत येतो. पण १९९८ ची की २००८ ची, हे या पद्धतीनं कळणं शक्य नाही. दुसरी पद्धत जांभळट रंगाची. क्रिस्टल व्हायोलेटच्या रेणूतून मिथाइल गट एकेक करून गळतात आणि ते टप्पे मोजता येतात. मात्र हे गळणं वेळेपेक्षा उजेडावर जास्त अवलंबून असतं. फायलीत मिटून ठेवलेलं पान आणि काचेखाली टेबलावर पडलेलं पान, एकाच दिवशी लिहिलेली असूनही वेगळी वयं सांगतील.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या छताखालच्या कपाटात त्याहून जास्त. उष्णतेनं द्रावक लवकर उडतो आणि ताजी शाई जुनी भासते. हे बनावट करणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणून शाईचं वय सांगून देतो अशी जाहिरात करणाऱ्यापासून दोन हात दूर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. न्यायालयंही शाईच्या वयाच्या दाव्याकडे सावधपणेच पाहतात.

चेकवर सही माझीच आहे, पण रक्कम आणि नाव दुसऱ्याच्या शाईत आहे. तपासणी केली तर सुटेन का?

शाई वेगळी आहे हे सिद्ध होईल. त्यानं सुटालच असं नाही. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक-हुंडीच्या कायद्याच्या) कलम २० नुसार सही करून कोरा दिलेला कागद भरण्याचा अधिकार धारकाला मिळतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात सांगितलं की, स्वेच्छेनं सही करून दिलेल्या चेकचा बाकी मजकूर दुसऱ्यानं भरला तरी कलम १३९ चं गृहीतक, म्हणजे चेक देण्यापोटीच दिला होता असं धरणं, लागू होतं. तपासणीचा अर्ज करण्याआधी देणं खरंच होतं का, किती फेडलं, पुरावा काय, याकडे वेळ द्या.

लिहिलेल्या रकमेपुढे शून्य वाढवलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे शाईची तुलना थेट कामाला येते. सीटीएस-२०१० या बँकांच्या मानकाप्रमाणे छापलेल्या चेकच्या कागदात ‘सीटीएस इंडिया’ हा जलचिन्ह असतो, बँकेचं बोधचिन्ह अदृश्य अतिनील शाईत छापलेलं असतं आणि रंगीत झेरॉक्स काढली की ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ हा शब्द उमटतो.

कागद पिवळा, ठिसूळ, अगदी जुना दिसतो. हा पुरावा नाही का?

चहाच्या पाण्यात बुडवून, इस्त्री फिरवून आणि गच्चीवर वाळवून कुठलाही कागद एका दुपारी म्हातारा होतो. खरं जुनेपण कडांकडून आत येतं आणि घड्यांवर जास्त असतं. चहाचा रंग अतिनील प्रकाशात डाग-डाग दिसतो, वाळताना पडलेल्या लाटांच्या रेघाही दिसतात. घड्या आणखी बोलक्या. आधी लिहून मग घडी पडली तर शाईची रेघ घडीवर तुटते. घडी घालून जुना केलेल्या कागदावर नंतर लिहिलं तर तुटलेल्या धाग्यांत शाई पसरते.

कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी प्रकाशीय उजाळकं सुमारे १९५० पासून वापरात आहेत. ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. १९३५ चा म्हणवणारा दस्तऐवज असा झळकला, तर त्याच्या मालकाला बरंच काही सांगावं लागेल.

हस्ताक्षर तज्ज्ञानं ‘जुळतं’ म्हटलंय, मग रसायनांची काय गरज?

१९८३ मध्ये जर्मनीत ‘हिटलरच्या डायऱ्या’ सापडल्याची बातमी आली. हस्ताक्षर तज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या होत्या, कारण तुलनेला दिलेल्या नमुन्यांतले काही त्याच भामट्यानं लिहिलेले होते. कोनराड कुयाऊ त्याचं नाव. मग जर्मनीच्या सरकारी प्रयोगशाळांनी कागद पाहिला, तर त्यात युद्धानंतर वापरात आलेलं उजाळक निघालं. बांधणीतही युद्धोत्तर काळातले कृत्रिम धागे होते. तुलनेचा नमुना कुठून आला हे आपल्याकडेही विचारा. वारसाहक्काच्या दाव्यात काकांच्या सहीचा ‘कबूल’ नमुना पुतण्यानंच आणलेला असतो.

शिक्का रबराचा आहे की प्रिंटरनं काढलेला?

दहापट भिंग पुरेसं. रबरी शिक्क्याचा रंग कडेला दाटतो आणि कागदात जिरतो. इंकजेटचा शिक्का निळा दिसला तरी भिंगाखाली निळे, किरमिजी, पिवळे ठिपके फुटतात.

लेझर प्रिंटवरून यंत्र ओळखता येतं का?

टोनर म्हणजे काजळी किंवा लोहाच्या ऑक्साइडसह प्लॅस्टिकची बारीक भुकटी. तिचा प्रकार अवरक्त वर्णपटानं किंवा रामन तंत्रानं कळतो, म्हणजे करारनाम्याची दोन पानं वेगवेगळ्या टोनरची असतील तर सापडतं. मधलं पान बदललेल्या करारनाम्यात याचा फार उपयोग होतो. विशिष्ट यंत्रापर्यंत पोचायला मात्र त्या यंत्राच्या ड्रमवरचे ओरखडे, ठिपके लागतात, आणि ड्रम बदलला की तो पुरावाही गेला.

जुन्या तारखेचा मुद्रांक कागद वापरून केलेला करार कसा पकडायचा?

इथे रसायनांपेक्षा वही मोठी. मुद्रांकावर अनुक्रमांक असतो, विक्रेत्याच्या रजिस्टरमध्ये घेणाऱ्याचं नाव आणि तारीख असते, आणि कोषागारानं तो मुद्रांक विक्रेत्याला कधी दिला याचीही नोंद असते. करारावर जानेवारीची तारीख आणि कोषागारातून मुद्रांक मार्चमध्ये बाहेर पडलेला, असं निघालं की वाद संपतो.

बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणानं या कागदावरचा आंधळा विश्वास मोडला. अब्दुल करीम तेलगीला नाशिकच्या मुद्रणालयातली लिलावात निघालेली यंत्रं मिळाली होती, तेव्हा त्याचा माल भिंगानं वेगळा काढणं सोपं नव्हतं. आता मोठे शुल्क सरकारच्या ग्रास या ऑनलाइन प्रणालीतून भरतात आणि त्या भरण्याचा जीआरएन क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो.

सीताबर्डीच्या बाजारात मिळते ती नोटा तपासायची टॉर्च घरी वापरली तर?

चेक किंवा सुरक्षा कागद पाहायला हरकत नाही. सुरक्षा कागद मंद दिसतो आणि त्यातले ठरावीक धागे किंवा चिन्हं चमकतात. पण स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरची असते, तिच्यात जांभळा उजेडच जास्त. काम चालतं ३६५ च्या दिव्यानं, अंधाऱ्या खोलीत. आणि वादातला कागद त्या उजेडात वारंवार धरू नका, अतिनील किरणांनी शाईचे रंग खराब होतात.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा झेरॉक्स तपासता येईल?

शाईसाठी नाही. झेरॉक्सवर फक्त झेरॉक्स मशीनचा टोनर असतो.

नागपुरात तपासणी कुठे होते? मी स्वतः कागद नेऊन देऊ शकतो का?

धंतोलीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. हस्ताक्षर आणि दस्तऐवजांची तुलना महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे दस्तऐवज परीक्षक करतात. या सरकारी यंत्रणांकडे कागद पोलीस किंवा न्यायालयामार्फतच जातो, थेट खिडकीवर घेतला जात नाही. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी अर्ज करता येतो. सह्यांचे नमुने देण्याचा आदेश दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ खाली देऊ शकतात.

तपासणीत कागद खराब होतो का?

प्रकाशाच्या तपासण्यांत नाही. क्रोमॅटोग्राफीत रेघेतून अगदी बारीक टिकल्या काढाव्या लागतात, म्हणून आधी छायाचित्रं आणि न्यायालयाची परवानगी हवी. क्रम उलटा झाला की समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

तोपर्यंत कागद कसा सांभाळायचा?

लॅमिनेशन करू नका. हे तीनदा लिहिलं तरी कमी, कारण ‘सुरक्षित राहावा’ म्हणून लोक नेमका तोच कागद लॅमिनेट करून आणतात. उष्णतेनं द्रावक उडतो, वरचं प्लॅस्टिक काढताना टोनर निघून येतो. स्टेपल, टाचणी, सेलोटेप नको. नवी घडी पाडू नका. पाकिटावर नाव लिहायचं असेल तर कागद आत घालण्याआधी लिहा, नाहीतर पेनाचा दाब खालच्या पानावर उमटतो. दाबाच्या या अदृश्य खुणा स्थिरविद्युत यंत्रानं वाचता येतात, आणि तुमचीच खूण पुराव्यात मिसळते. साधं कागदी पाकीट, अंधारं कपाट, कूलरपासून लांब.

जुना कायदा लागतो की नवा?

१ जुलै २०२४ पासूनच्या कृत्याला भारतीय न्याय संहिता: बनावटीकरणासाठी कलम ३३६, सार्वजनिक नोंदवहीसाठी ३३७, मृत्युपत्र किंवा मूल्यवान रोख्यासाठी ३३८, बनावट कागद खरा म्हणून वापरण्यासाठी ३४०. त्याआधीच्या कृत्याला भारतीय दंड संहितेची ४६५, ४६७, ४६८, ४७१ ही कलमं.

तीस वर्षांहून जुना कागद आपोआप खरा धरतात, हे खरं का?

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ नुसार, असा कागद योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय सही आणि हस्ताक्षर खरं ‘मानू शकतं’. मानलंच पाहिजे असं नाही. शिवाय कागद खरंच तीस वर्षांचा आहे का, हाच जिथे वाद आहे तिथे हे गृहीतक मदतीला येत नाही. शाळेच्या कपाटातून निघालेलं रजिस्टर आणि भाचीच्या ट्रंकेतून निघालेला सुटा दाखला यांच्या ताब्याचं वजन सारखं नसतं.

खासगी तज्ज्ञाचा अहवाल चालतो का?

चालतो. साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञ सरकारी असावा असं म्हणत नाही. फरक असा की फौजदारी खटल्यात सरकारी प्रयोगशाळेतल्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली थेट पुराव्यात वाचता येतो, खासगी तज्ज्ञाला मात्र स्वतः पिंजऱ्यात उभं राहून तो सिद्ध करावा लागतो. त्याला नेमण्याआधी विचारा: कोणती उपकरणं स्वतःकडे आहेत, मूळ कागद पाहणार की स्कॅन, तुलनेचे नमुने किती घेणार. स्कॅनवरून शाईबद्दल मत द्यायला तयार असलेल्याला फी देऊ नका.

अहवालात ‘निश्चित मत देता येत नाही’ असं आलं. म्हणजे मी हरलो का?

नाही, समोरचाही जिंकला नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ नमुना अपुरा, शाई फार जुनी किंवा तुलनेला समकालीन कागद नाही, एवढाच असतो. शेवटची अडचण दूर करता येते. त्याच व्यक्तीचे, त्याच दोन-तीन वर्षांतले निर्विवाद कागद शोधा: बँकेतलं खातं उघडतानाचं कार्ड, जुनं नोंदणीकृत खत, नोकरीतल्या सेवापुस्तिकेतल्या सह्या. १९५६ च्या आधीचं सरकारी दप्तर हवं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षाबरोबर पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेतही चौकशी करा, आणि सापडलं की ते मूळ स्वरूपात मागवून घेण्याचा अर्ज न्यायालयात लावा. नवे नमुने हाती आले की फेरतपासणी मागता येते.